पहिली मेल

भालकीजवळच्या मेहकरच्या पंचशीलाला गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात आर्किटेक्चरची सीट लागली. वर्ग भरायला अजून पंधरा दिवस होते. तोवर लॅपटॉप बघून ठेवू म्हणून तिचे वडील राजपाल आपलं गवंडीकाम बंद ठेवून तिच्यासोबत दुकानं फिरले. आधी भालकी, मग बीदर, शेवटी गुलबर्गा. कुणी सांगितलं ग्राफिक कार्ड बघा, कुणी सांगितलं स्क्रीन मोठी घ्या. आठवडा त्यातच गेला.

"एवढा भारी कामून घ्यायलाव, अण्णा?" शेवटच्या दुकानदारानं विचारलं.

"आमची पोरगी यात घरं काढणार हाय," राजपाल म्हणाले. "मधीच बंद पडला तर कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारपाजारचे लोक लॅपटॉप बघायला जमले. आईनं त्याच्याखाली नवा टॉवेल अंथरला. पंचशीलानं फोनचं नेट जोडलं आणि बऱ्याच दिवसांनी आपली मेल उघडली. सगळ्यात वर कॉलेजचं पत्र होतं, इंग्रजीत. कॉलेजात हजर व्हायची मुदत परवाच संपली होती. ती गेली नाही म्हणून तिची सीट रद्द झाली होती.

तिनं ते दोनदा वाचलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

"काय लिवलंय गं?" राजपाल पुढं वाकून विचारत होते. सगळे तिच्याकडं बघत होते.




"लवकर या म्हणून लिवलंय, अप्पा."