बरोबरचा भात

शनिवारी दुपारी आईने सहाव्या कोरियन हॉटेलातला बिबिमबापही नापास केला.

दगडी वाडगा चरचरत समोर आला होता. भातावर गाजराच्या काड्या, पालक, मशरूम, मधोमध अर्धकच्चं अंडं, सगळं आपापल्या जागी. आईने चष्मा सारखा करून ते जवळून पाहिलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवल्यामुळे तिला कुठेही आधी शिवण दिसायची. रंग छान जुळवलेत, असं म्हणून तिने लाल चटणी घातली, सगळं कालवलं, दोन घास घेतले आणि चमचा खाली ठेवला.

"बरं आहे. पण काखेत आवळतंय."

समोर बसलेली लेक आपला वाडगा नुसता ढवळत होती. तिला तिळाच्या तेलाचा वास सोसत नसे. आंबवलेला कोबी तर ती श्वास रोखून गिळायची. धाकटा भाऊ तिकडे कोरियात जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, तेव्हा पोरगा खातो तो भात एकदा खाऊन बघू, असं आईने काढलं होतं. त्या दिवशी लेकीने तोंडदेखलं 'मस्त आहे' म्हटलं. त्या एकदाचं दीड वर्ष झालं. दर हॉटेलात दोन-तीनदा जायचं, मग आईने त्याच्यावर काट मारायची, मग नवं शोधायचं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते काही आई सांगत नसे. जेवताना बोलणं मात्र धाकट्याचं. त्याला एवढं तिखट झेपत असेल का, त्याला कोणी वाढतं का, की मेला उभ्याउभ्याच गिळतो.

"बिबिमबाप, किमबाप," बाहेर पडताना आई म्हणाली. "जिकडेतिकडे बापच. यांच्या स्वयंपाकघरात एखादी आई नाही का?"

लेकीला हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं. जेवणभर धाकट्याचंच ऐकल्याचा राग अजून उतरला नव्हता. पुलापाशी एक नवीन उघडलंय, पुढच्या शनिवारी जाऊ या का, असं आईने बसमध्ये विचारलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, बघू.

रविवारी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. शिवणयंत्राच्या सुईखाली कुणाच्या तरी कोटाची बाही तशीच होती.

धाकटा मंगळवारी पोचला. शनिवारी संध्याकाळी त्याचं परतीचं विमान होतं, आणि शनिवारी सकाळी लेकीच्या पायाला भिंगरी लागली. तो बॅग भरत होता. तिने त्याला तसाच उठवून बाहेर काढलं. त्याने चाखून सांगायलाच हवं होतं, बरोबर बिबिमबाप कुठला. आई ते न कळताच गेली होती.

अकराला पहिल्या हॉटेलचं दार उघडलं, तेव्हा ही दोघं पायरीवर उभी होती. धाकटा म्हणाला, चांगला आहे. साडेबाराला, तिसऱ्या स्टॉपजवळच्या हॉटेलात, तो म्हणाला, हाही चांगला आहे. दोन्ही चांगले कसे असतील, असं तिने विचारलं. रोज खातोस ना तू?

तो ओशाळला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कधीमधी असतो, म्हणाला. रांगेत उभं राहायचं, ताट भरायचं, वीस मिनिटांत संपवायचं. चवीकडे लक्ष कुणाचं असतं? एरवी तो खोलीवर पाव-अंडीच खातो. पहिल्या फोनवर आईला सांगायला काहीतरी हवं, म्हणून भाताचं सांगितलं होतं.

तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. ज्याच्यापायी सगळं शहर पालथं घातलं, त्याला त्या भाताचं सोयरसुतकही नव्हतं. मग उठायचं, घरी जायचं, त्याची बॅग भरायची. तसं न करता तिने त्याला पुलापाशी नेलं. तो वाटेत म्हणत राहिला की ताई, पोटात जागा नाही, ताई, उशीर होईल. ती दोन पावलं पुढेच चालत होती.

नव्या हॉटेलात चारच टेबलं होती. मालकीणबाईंनी दोन वाडगे आणून ठेवले आणि लगेच कालवा, नाहीतर खाली लागेल, असं बजावून गेल्या. धाकट्याने गुमान कालवलं. चार घास खाऊन त्याने वर पाहिलं. ती चमचा धरून बसली होती.

"खा ना, ताई. तुझ्या आवडीचं आहे."

"कोण म्हणालं?"

"आईच सांगायची की फोनवर." आणि सांगता सांगता त्याचा आवाज नकळत आईच्या वळणावर गेला. "आमच्या ताईसाहेबांना वेड आहे त्या भाताचं. मला नाही रे झेपत तो वास. पण तेवढीच माझ्याबरोबर बाहेर पडते, नाहीतर तिचं ऑफिस आणि तिची पुस्तकं. मी आपली काहीतरी खोट काढते, म्हणजे पुढचं हॉटेल शोधावं लागतं."

तो हसला आणि पुन्हा खाऊ लागला. मग तिच्याकडे पाहून थांबला.

तिने एक घास घेतला. बराच वेळ चावला. पुलावरून एक अवजड ट्रक गेला आणि टेबलावरच्या वाट्या किणकिणल्या.

"काय झालं, ताई?"

"मला वाटायचं," ती म्हणाली, "आई माझ्यासमोर बसून तुझ्याबरोबर जेवते."