चौदा पासवर्ड

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये प्रेमिलाबाई नातीला पाळण्यात झोपवत होत्या, तेवढ्यात भिंतीवरचा कॅमेरा आपोआप त्यांच्याकडे वळला. त्यांनी ऑफिसात सुनेला फोन लावला. "वैभवी, कॅमेरा तू फिरवून राहिली का वं?" "नाही आई, मी तर ॲप उघडलंच नाही!" इतक्यात कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून परक्या पुरुषाचं हसणं ऐकू आलं. प्रेमिलाबाईंनी झटक्यात प्लग उपटला. वैभवी धावतपळत घरी आली, तिने सेटिंग्ज तपासल्या, शेजाऱ्यांचा पासवर्डही विचारला. कॅमेरे बसवणाऱ्याने सगळ्या इमारतीत एकच पासवर्ड ठेवला होता! मग प्रेमिलाबाई थांबल्याच नाहीत. नात कडेवर घेऊन चारही मजल्यांवर बेल वाजवत फिरल्या. "आधी वायर काढा, मग विचारा काहून ते!" संध्याकाळी पार्किंगमध्ये चौदा कुटुंबं एकमेकांकडे पाठ करून, हसत-खिदळत नवे पासवर्ड टाकत होती. प्रेमिलाबाईंचे यजमान आनंदराव त्यांच्या खांद्यावरून डोकावले. "मले तर सांग!" प्रेमिलाबाईंनी मोबाईल छातीशी धरला. "तुमालेबी नाही!"