शाळेपुढचा रस्ता

शाळेपुढच्या रस्त्यावरून ट्रक जाऊ द्यायचे की नाही, यावरून वस्तीतले लोक आणि ट्रकचालक वर्षभर भांडत होते. दोघांना एका टेबलाशी बसवून बोलतं करायचं काम ताईंकडे होतं. कुणाचा आवाज चढला की त्या म्हणायच्या, "आधी त्यांचं पूर्ण ऐकून घेऊ या."

एकदा वस्तीतली एक आजी त्यांच्यावरच उखडली. "तुम्हाला काय कळणार? तुमचं कुठं कोण गेलंय!"

ताईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. "बोला आजी, मी ऐकतेय."

आज अखेर तोडगा निघाला. लांबचा फेरा पडला तरी ट्रक मागच्या रस्त्यानेच जाणार. चालकांच्या म्होरक्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला, आणि त्याचं बघून बाकीच्यांनी.

लोक पांगले. ताई खुर्च्या एकात एक घालून ठेवत होत्या. दाराशी घुटमळणारा म्होरक्या परत आत आला.

"ताई, मघाशी तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत, तेव्हा ओळख पटली. कोर्टात पाहिलं होतं तुम्हाला. तुमची मुलगी माझ्याच ट्रकखाली..."

"हो."

"तुम्ही मला कधी ओळखलंत?"

"पहिल्या बैठकीला. तुम्ही आत आलात तेव्हाच."

"मग एका शब्दानंही का बोलला नाहीत?"

ताईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"बोलले असते, तर दुसऱ्या बैठकीला तुम्ही आला नसतात."