पंधरा किलोंची बॅग

“पुन्हा सतरा.” दुर्गाप्रसादने वजनकाट्याचा हूक बॅगेच्या पट्ट्यातून काढला. “मैंने पहलेच बोला था, संघदीप. तिकडं जंगलात नेणारं ते छोटं विमान आहे. माणशी पंधरा किलो, त्यात हातातली पिशवीसुद्धा आली. जास्त झालं तर सामान तिथंच ठेवून घेतात.”

संघदीपने चेन उघडली आणि खुशीचा स्वेटर बाहेर काढला.

सडक अर्जुनीत हायवेला लागून संघदीपचा फोटो स्टुडिओ होता आणि मागेच घर. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं त्यानेच काढलेली. संध्याकाळी तो नऊ वर्षांच्या खुशीला घेऊन केनियाला निघणार होता. पैसे दोघांपुरतेच जमले होते, म्हणून बायको रंजिता घरीच राहणार होती.

दुर्गाप्रसादचं गोंदियात कॅमेऱ्यांचं दुकान. केनिया दोनदा करून आलेला माणूस, आणि ते दर दहा मिनिटांनी सांगणाराही. आपली मोठी लेन्स तो सख्ख्या भावालाही हात लावू देत नसे. संघदीपने पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं, तेव्हा कुठे ती मिळाली. ती नीट भरली जाते की नाही हे पाहायला दुर्गाप्रसाद स्वतः आला होता, आणि आता त्याचं डोकं तापलं होतं.

“हे काय आहे?” त्याने बॅगेतून मॉनिटर उचलला. लग्नाच्या शूटिंगला व्हिडिओवाले कॅमेऱ्याला जोडतात, तो छोट्या टीव्हीसारखा पडदा. “सिंहाच्या लग्नाची ऑर्डर घेतली का?”

“लागते तो.”

“कायले लागते? जंगलवाला कोणी मॉनिटर नेत नाही. उन्हात त्यावर घंटा काही दिसत नाही.”

“काळ्या कपड्याची टोपी शिवली त्याले. आत डोकं घातलं का साफ दिसते.”

“आणि हा तिपाया? हा तर लग्नाच्या हॉलमधला आहे, पाच किलोचा. जीपमध्ये कापडी पिशवी ने, तिथं तांदूळ भर, तिच्यावर लेन्स ठेव. झालं काम.”

“हलते ते. हलाले नाही पायजे.”

“मग पोरीचा स्वेटर? सकाळी हुडहुडी भरते तिकडं.”

“माझं जाकीट घालीन ती. अंगावरच्या कपड्याचं वजन नाही करत ना?”

दुर्गाप्रसादने कपाळाला हात लावला. पोरीच्या बॅगेत एक फ्रॉक, दोन चड्ड्या आणि दात घासायचा ब्रश उरला होता. बाकी सगळी बापाची हौस. त्याला मनापासून राग आला.

बाहेर ओट्यावर खुशी दुसऱ्या कॅमेऱ्याशी बसली होती. त्याला स्टुडिओतला जुना मॉनिटर जोडला होता. पडद्याला नाक लावून ती हायवेवरचे ट्रक पाहत होती.

“बाबा,” ती ओरडली, “त्या डायवरले मिशा हायेत.”

संघदीप हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहत राहिला.

“बेटा, बॅटरी उतरेल. खेळणं नाही ते,” दुर्गाप्रसाद म्हणाला.

“खेळू द्या, दुर्गाभाऊ.”

“तू लाडावून ठेवली तिला. आणि मला सांग, एवढी घाई काऊन? नागझिऱ्याचं जंगल उशाशी आहे. तिथं हात बसव. पुढच्या वर्षी माझ्यासोबत चल, मी शिकवतो.”

“नागझिऱ्यात चारदा नेलं तिले. पानाआड असते सारं. तिकडं मोकळं रान हाय. हत्ती, जिराफ, मोठमोठी जनावरं.” तो बॅगेवर वाकला. “पुढल्या वर्षी नाही जमत.”

“लेन्सच राहू दे मग. छोटी ने. तीन किलो वाचतात.”

संघदीपचा चेहरा एकदम पडला. त्याने खरोखरच हात जोडले. “तसं नोका करू. लेन्स राहिली तं जाऊन काहीच फायदा नाही. माझे कपडे काढतो. सारे काढतो.”

आणि त्याने काढलेही. शर्ट, टॉवेल, चपला जमिनीवर पडल्या. शौकापायी वेडी झालेली माणसं दुर्गाप्रसादने धंद्यात खूप पाहिली होती, पण असं कोणी नाही.

त्याने रंजिताला बाजूला घेतलं. “भाभी, समजवा याला. पोरीला उघडी नेऊन राहिला आणि यंत्रं भरून राहिला.”

“नेऊ द्या, भाऊजी.” तिने खाली पडलेले कपडे गोळा केले. “त्याच्यासाठीच तं चालले.”

काटा पुन्हा लावला. पंधराला जेमतेम टेकला. दुसरी बॅगही बसली. संघदीप भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि तळहाताने तोंड पुसत राहिला.

नागपूरला जायची गाडी आली. रंजिताने खुशीचे केस पुन्हा एकदा विंचरले, मग तिला इतका वेळ जवळ धरलं की ती कुरकुरली. “आई, सोड ना. जिराफ पाहून येतो म्या.” संघदीप दुर्गाप्रसादच्या पाया पडायला वाकला. दुर्गाप्रसादने घुश्शातच त्याला उठवलं. गाडी हायवेला लागली आणि ट्रकांच्या मागे दिसेनाशी झाली.

आपला काटा घ्यायला दुर्गाप्रसाद आत आला. टेबलावर चेनची छोटी डबी होती. त्याने उघडली. कॅमेऱ्याची सगळी मेमरी कार्डं तिच्यात होती.

“बघा याचा कारभार,” तो म्हणाला. “पाच किलोचा तिपाया आठवला, कार्डं विसरला. याच्याशिवाय एक फोटो येणार नाही तिथून. थांबा, फोन करतो, लांब नसतील गेले.”

रंजिताने त्याच्या फोनवर हात ठेवला.

“त्यायनं मुद्दाम ठेवले, भाऊजी. दिवाळीनंतर खुशीले दिसणार नाही म्हणते डॉक्टर. फोटो घरी आणून दाखवाचे कोणाले?”