देवगांडुळाची साक्ष

गांडूळसाहेब देवळाच्या पायरीवर बसले ते अगदी मधोमध. तेवढे ते गेल्या पावसाळ्यात शिकून गेले होते. डावीकडे सरकावे तर वरच्या वाडीचा अपमान, उजवीकडे सरकावे तर खालच्या वाडीचा.

साहेबांचे खरे नाव डॉक्टर आगाशे. बेडकांचे घराणे मुळात कसे फुटले, कोणती फांदी कोणाच्या जवळची, हे ते प्राण्यांच्या रक्तावरून शोधत. देवगांडूळ दिसायला भल्या मोठ्या गांडुळासारखा, पण नात्याने बेडकांचा भाऊबंद. ओल्या मातीत, शेणखताच्या खड्ड्यात दडून राहणारा. त्याच्या शोधात साहेब देवरुखापलीकडच्या या गावात उतरले आणि नको त्या भांडणात सापडले.

भांडण मानाचे. शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा? वरच्या वाडीचा रावजी म्हणे, घराण्यात आमची पात थोरली. खालच्या वाडीचा धोंडू म्हणे, आमची. दोघांचा मूळपुरुष एकच, हे मात्र दोघांनाही मान्य. परक्याशी भांडण्यात कसली आली आहे गोडी! कोर्टातही निकाल लागेना, तेव्हा शेवटी पालखीच्या खोलीला दोघांनी आपापले कुलूप ठोकले आणि देवीची उत्सवमूर्ती पालखीसकट आत कोंडली गेली.

नेमका त्याच वर्षी रावजीच्या बायकोला, सखूला मुलगा झाला. नवसाचा. पालखी दारात आली की ओटी भरीन, असे ती देवीला बोलून बसली होती. पोर आता शाळेत जायला लागले, ओटीचे हिरवे लुगडे ट्रंकेत घडीवर विरायला आले, पण पालखी काही दारात आली नाही. पोराला नुसता खोकला झाला तरी सखू त्याला अंगारा लावून रात्रभर उशाशी जागायची. शब्द तिने दिलेला, कुलपे पुरुषांची, आणि देवी कोपली तर भोगणार कोण, तर ते पोर!

साहेब रक्तावरून घराणे ओळखतात, हे गावाला कळले मात्र, सगळे हुशारले. दोन्ही वाड्यांची दंतकथा एकच होती. मूळपुरुषाने पहिली कुदळ मारली तिथे देवगांडूळ निघाला, म्हणून त्याने तिथेच घर बांधले. कुठे, एवढाच वाद. आणि देवगांडूळ काही दोन वाड्यांमधला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून सोयरीक करायला जात नाही. तेव्हा ज्या वाडीचा देवगांडूळ थोरला, ती पात थोरली. कोर्टाला जे जमले नव्हते ते गावाने देवगांडुळावर सोपवले. गाभाऱ्यातल्या देवीला कौल लावला, पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे देवीचा होकार. साहेब "अहो, पण" म्हणेपर्यंत दोन्ही वाड्यांचे देवगांडूळ त्यांच्यासमोर हजर झालेसुद्धा.

आज निकाल होता. साहेबांनी पायरीवर बरणी ठेवली होती. औषधी पाण्यात एक देवगांडूळ वेटोळे घालून पडला होता. सखू खांबाआडून बघत होती.

"सायेब, ह्याला डोळं नायत?" तिने हळूच विचारले.

"होते. पण पिढ्यानपिढ्या हा मातीतच राहिला. बघायचं काही उरलं नाही, तसे डोळे झाकत गेले."

मग साहेब सगळ्यांकडे वळले. "रक्तातले पदार्थ आम्ही खळीच्या थरातून विजेवर पळवतो. कोण कुठवर पळतं, त्यावरून जनुकं कळतात, आणि जनुकांवरून नातं. तुमच्या दोन वाड्यांचे देवगांडूळ एकाच वंशाच्या दोन फांद्या आहेत."

"थोरली कंची?" रावजी आणि धोंडू एकदमच ओरडले.

"कुठलीच नाही. फांदी फुटली की दोन्ही बाजू एकाच वेळी फुटतात. दोन्ही सारख्याच जुन्या. थोरला होता तो दोघांचा पूर्वज, आणि तो आज कुठेच नाही."

मग रावजी उठला आणि त्याने धोंडूचा हात धरला. धोंडूने डोळ्यांना पंचा लावला. "चुकलो आपन," दोघे म्हणाले. कोणीतरी ढोलावर थाप मारली. सखू तर धावतच घरी गेली. विरलेले का होईना, लुगडे काढले, नारळ घेतला, तांदूळ घेतले, आणि रडत-हसत परत आली. आज पालखी बाहेर येणार, पोराच्या डोक्यावरचा भार उतरणार, याहून तिला काही नको होते.

खोलीच्या दारापाशी रावजी आणि धोंडू हातात किल्ल्या घेऊन उभे होते. दोन्ही कुलपे जागच्या जागी.

"आदी तू उघड," रावजी मोठ्या मनाने म्हणाला.

"छ्या, आदी तू."

"मी देतोय ना तुला मान?"

"तू कोन देनार? धाकट्याला पुढं करनं थोरल्याचं काम. मी करतोय तुला पुढं!"

"म्हंजे मी धाकटा?"

ढोल थांबला. वरची वाडी डावीकडे सरकली, खालची उजवीकडे. ऊन उतरले, तरी दोघे एकमेकांना आग्रहच करत होते, आणि आता आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. साहेब बरणी पिशवीत घालू लागले.

भावकीसमोर सखूने कधी तोंड उघडले नव्हते. तिने डोक्यावरचा पदर सावरला, ओटीचे ताट उंबऱ्यावर ठेवले आणि साहेबांचा रस्ता अडवला.

"सायेब, जाताना ह्या दोगांचं पन रगत घेऊन जा. डोळं कंदी गेलं, तेवडं बगा."