खिडकीतलं ऊन

टीबी निघाल्यापासून वनमाला दाराला कडी लावूनच साड्यांना फॉल लावायची. खोलीत ना ऊन, ना वारा. पण वस्तीत कळलं तर बायका काम देणार नाहीत, बोलणंही टाकतील, ही धास्ती. घरात खायला काही नव्हतं, आणि उपाशीपोटी गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून आज तिने त्या घेतल्याच नाहीत.

दार वाजलं. तिने कडी काढली. वरच्या मजल्यावरच्या कुलसुमखाला गरम भाकरी घेऊन उभ्या होत्या.

“खाला, लांब राहा. मला टीबी आहे.”

“ठाऊक आहे, बेटा. खोकला वरपर्यंत ऐकू येतो. आधी खा, गोळ्या घे, मग माझ्या खिडकीत उन्हाला बस.”

खाऊन, गोळ्या घेऊन वनमाला वर खालांच्या खिडकीत बसते तोच शेजारची कांता तिला शोधत आली. वनमालाने मान खाली घातली. कांताने साडी आणि सुईदोरा पुढे केला.

“तुझ्या आजाराचं ठाऊक आहे मला. भाचीचं लग्न आहे. फॉल तूच लावून दे.”

वनमालाने सुई घेतली, पण भरल्या डोळ्यांनी दोरा काही ओवता येईना.