साहेबचा करडा सूट

“आधी खांद्यात बसतोय का ते बघा. खांदा बसला की बाकीचं माझ्यावर सोडा,” असं म्हणत साहेबने तोंडात धरलेली टाचणी काढली आणि समोरच्या बाईच्या बाहीला लावली.

जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात साहेब दुरुस्तीचं काम करायची. उंची कमी करणं, अस्तर बदलणं, झिजलेल्या कॉलरी उलटवणं. अंगात कायम पुरुषांचा कोट, बाह्या मनगटाच्या वर दुमडलेल्या. दुकानमालक काकांनी एकदा गमतीने तिला साहेब म्हटलं आणि तेच नाव पडलं. तिच्या आईला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं.

“बघायला आलेला मुलगा तुलाच नवरदेव समजेल आणि हात मिळवून निघून जाईल,” आई म्हणायची.

“जाऊ दे. माझे हात खिशात असतील,” साहेब म्हणायची. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात हा तिचा जुना राग होता.

हळूहळू तिचं बघून इतर बायकाही पुरुषांच्या रांगेत कपडे चाळू लागल्या. साहेब त्यांना मोजकंच सांगायची. वर ढगळ घातलंत तर खाली अंगासरसं घाला. दोन्हीकडे ढगळ झालं की भावाचे कपडे पळवल्यासारखे दिसतात. मनगट झाकू नका. आणि घातल्यावर सारखं ओढत बसू नका, आपलेच आहेत असं समजून चाला.

एका सकाळी मास्तरीणबाई दुकानात आल्या. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ पाठीच्या. त्यांनी पिशवीतून दोन शर्ट काढून टेबलावर ठेवले. घड्या पट्टीने आखल्यासारख्या.

“आमच्या ह्यांचे. आता त्यांना लागणार नाहीत.”

काकांनी मान खाली घातली. नियमाप्रमाणे वहीत नाव-पत्ता लिहून घेतला, पुढे काही विचारलं नाही.

शर्ट साहेबला इतके बरोबर बसले की तिला टाकाही घालावा लागला नाही. तिने ते स्वतःसाठीच ठेवून घेतले. पुढच्या महिन्यात मास्तरीणबाईंनी जाकीट आणलं. मग एक लोकरी पँट, मग कोट. दर वेळी एक-दोनच.

“सगळे एकदम आणले तरी चालतील, बाई. मी घरी येऊन घेऊन जाते हवं तर,” साहेब एकदा म्हणाली.

“नको गं. एकदम कपाट रिकामं झालेलं सहन नाही व्हायचं.” मास्तरीणबाई जरा थांबल्या. “कपाटात कपडे दिसले की मला वाटत राहतं, आत्ता हे घालतील आणि निघतील बाहेर.”

त्या दिवशीच्या शर्टाला दाढीच्या साबणाचा वास येत होता. बाईंनी कपाटात तो साबण तसाच ठेवला असेल, असं साहेबच्या मनात आलं. तिच्या आईनेही वडिलांचा चष्मा कितीतरी वर्षं असाच उशाशी ठेवला होता.

तेव्हापासून मास्तरीणबाई यायच्या दिवशी साहेब मुद्दाम त्यांच्या घरचंच काहीतरी घालू लागली. त्या तिला उभी करायच्या, कॉलर सारखी करायच्या.

“पाठ सरळ. हां. आता दारापर्यंत चालून दाखव.”

साहेब दारापर्यंत जाऊन परत यायची. मास्तरीणबाई टक लावून बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. साहेबला वाटायचं, आपल्या हातून एवढं तरी होतंय.

शेवटी आला तो करडा सूट. सोबत पॉलिश केलेले बूट.

“हे शेवटचं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. पिशवी झटकून त्यांनी तिची घडी घातली. “आता कपाटात एक रुमालसुद्धा नाही. सुटले एकदाची.”

त्या गेल्यावर काका बराच वेळ नाक पुसत बसले होते.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रवाल्यांनी पुरवणीसाठी साहेबचा फोटो काढून नेला. जुने मर्दानी कपडे बाईने कसे घालावेत, यावर अर्धं पान आलं आणि मध्यभागी करड्या सुटात साहेब, दोन्ही हात खिशात. आईने ते पान शेजारी तीन घरांत दाखवून आणलं आणि घरी येऊन म्हणाली, “तसा बरा दिसतो सूट.”

साहेबने एक अंक जास्तीचा घेतला. हा फोटो सगळ्यात आधी कुणाला दाखवायचा, हे तिचं ठरलेलं होतं. रविवारी सकाळी वहीतला पत्ता उतरवून घेतला, तोच सूट चढवला आणि ती निघाली.

स्वच्छ जिना, पहिल्या मजल्यावर दाराशी धुतलेलं पायपुसणं. तिने बेल वाजवली. आत सपाता फरफटल्या, मग शांतता.

“मास्तरीणबाई आहेत का? मी कपड्यांच्या दुकानातून आलेय.”

“ती बाजारात गेलीय,” आतून पुरुषाचा आवाज आला.

कुणी पाहुणे असतील, असं वाटून साहेब अंक दाराखालून आत सरकवायला वाकली. तेवढ्यात दार चार बोटं उघडलं. फटीत एक उंच म्हातारा माणूस उभा होता. केस नीट विंचरलेले, अंगाभोवती काखेपासून घोट्यापर्यंत पलंगावरची चादर गुंडाळलेली. त्याने साहेबच्या कॉलरकडे पाहिलं, मग बटणांकडे, मग बुटांकडे. जिन्यात कुणी नाही ना, हे वाकून बघितलं.

“ताई, निदान पँट तरी द्या,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “ती परत यायच्या आत मला निघायचंय.”